डार्सी-एलिझाबेथ: १९९५ की २००५?

वाचनवेडी: जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीवरची १९९५ची बीबीसी मालिका नि २००५चा चित्रपट, यांची पात्रनिवड जोखायची कशी? 'मला तो आवडतो' सोडून बोला.

तिरपागडा: आधी वयं बघा. कादंबरीत लिझी (एलिझाबेथ) २०, तिचा नायक डार्सी २८. २००५च्या चित्रपटावेळी लिझी झालेली कीरा नाइटली १९, डार्सी झालेला मॅकफॅडियन २९. बीबीसी मालिकेतला डार्सी, कॉलिन फर्थ, तिशी ओलांडलेला. लिझीची धाकटी बहीण लिडिया तर कादंबरीत जेमतेम १५ची! मालिकेतली ज्युलिया सवाल्हा पंचविशीची, त्यामुळे लिडियाच्या प्रियकराबरोबर पळून जाण्यातला पोरकटपणा जाऊन नुसता आगाऊपणा उरतो.

मधुरा_के: आणि लिझीला मागणी घालणारा पाद्री कॉलिन्स? मूळचा उंच, जाडगेला, २५चा. चित्रपटातला टॉम हॉलंडर बुटका नि थोराड. विनोद जमलाय, पण त्याच्याशी लग्न करणाऱ्या, लिझीच्या मैत्रिणीची, शार्लटची तडजोड उगाच जास्त केविलवाणी होते.

वाचनवेडी: मग फर्थ बाद?

तिरपागडा: छे! पेम्बर्लीत, म्हणजे डार्सीच्या वाड्यात, पियानोपाशी उभ्या लिझीकडे तो बघतो, तो प्रसंग आवाज बंद करून पाहा.