पिकअपच्या दोन्ही डिफचं आणि ट्रान्सफर केसचं ऑइल घरीच बदलायचंय

चिखलवाट:
पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह पिकअप आहे. मागे सॉलिड ॲक्सल, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मीटरवर ८६,००० किमी. गाडी सेकंडहँड, त्यामुळे ही ऑइल याआधी कधी बदलली, मुळात बदलली का, याची नोंद नाही. पाने, स्टँड, टॉर्क रेंच सगळं आहे. प्रश्न असे: दोन्ही डिफ (डिफरेन्शियल, ॲक्सलवरचा गिअरचा संच) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा भाग), या तिन्हीकडे एकच ७५डब्ल्यू-९० ग्रेडचं गिअर ऑइल चालेल का? एकूण किती आणू? मागच्या डिफचा वरचा प्लग चांगलाच गंजलाय, खालचा ठीक दिसतो, तर खालून सुरुवात करून वरच्याचं नंतर बघू का? आणि वर बाटली उलटी करायला जागाच नाही, मग भरायचं कसं?

सतराचा पाना:
खालच्या प्लगला अजून हात लावू नका. आधी वरचा, म्हणजे फिलर प्लग सैल होतो का ते बघा, तिन्ही ठिकाणी. तो सुटला तरच ड्रेन. उलटं केलं आणि वरचा अडला, तर ऑइल सगळं ट्रेमध्ये, डिफ कोरडा आणि गाडी जागची हलवता येत नाही.

गंजलेला प्लग आदल्या रात्री वायर ब्रशने घासा आणि पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. डोकं षटकोनी असेल तर सहा कोनांचंच सॉकेट लावा, बारा कोनांचं घसरतं आणि कडा खातं. आत एलन बसणारा प्लग असेल तर खाचेतली माती खिळ्याने तळापर्यंत उकरून काढा. एलन अर्धवट बसलेला असताना जोर लावला की खाच गोल होते, आणि मग वेल्डिंग करून नट चिकटवण्याशिवाय गत्यंतर नाही. एलन पूर्ण बसवून बुडावर हातोडीचे दोन-चार सरळ ठोके द्या, त्याने गंज सुटतो. मग लांब दांड्याने एकसारखा जोर, हिसके नकोत. तरी ढिम्म असेल तर प्लगभोवतीचं हाउसिंग हीट गनने तापवा. हे बिडाच्या हाउसिंगपुरतं. ट्रान्सफर केस बहुतेक ॲल्युमिनियमची असते, तिथे आटे जायला वेळ लागत नाही.

प्लग सुटतात याची खात्री झाली की पुन्हा घट्ट करा, १५-२० मिनिटं गाडी फिरवून आणा आणि कोमट असतानाच ऑइल काढा. जागा सपाट हवी. पिकअपखाली जॅक न लावता शिरता येत असेल तर उत्तम. उचलायचीच तर चारही बाजू सारख्या उंचीवर, स्टँडवर. एकच टोक उचललं तर लेव्हल खोटी येते.

आणखी एक: गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग ट्रान्सफर केसच्या प्लगसारखाच दिसतो आणि जवळच असतो. पुढचा आणि मागचा, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट जिथून निघतात ती ट्रान्सफर केस. खडूने खूण करून ठेवा.

ग्रीसगन:
ऑइलचं सांगतो. तिन्हीकडे एकच, असं गृहीत धरू नका.

डिफला जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा). डिफमधल्या हायपॉइड गिअरमध्ये पिनियनचा (छोट्या गिअरचा) अक्ष क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यातून जात नाही, बाजूला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर दाबाखाली घासत सरकतात आणि साधी ऑइलची फिल्म तिथे तग धरत नाही. जीएल-५ मधले गंधक-फॉस्फरसचे घटक हेच काम करतात, नव्या ऑइलचा उग्र वास त्यांचाच. ग्रेड ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. ट्रेलर ओढायचा असेल तर काही कंपन्या मागे ७५डब्ल्यू-१४० सांगतात. मागे लिमिटेड स्लिप डिफ (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) आहे का ते आधी तपासा. असेल तर त्यासाठीचंच ऑइल किंवा फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, नाहीतर तीव्र वळणावर क्लच प्लेटी थरथरतात आणि मागून कुरकुर येते.

ट्रान्सफर केसचं मॅन्युअल सांगेल तेच. चेनवर चालणाऱ्या बऱ्याच केसमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) असतं, कारण आतला छोटा पंप पातळ ऑइलसाठी बनवलेला असतो. त्यात ९० नंबरचं जाड गिअर ऑइल ओतलं तर थंडीत ते वरच्या बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही. गिअरवाल्या केसमध्ये गिअर ऑइल असतं, पण जिथे जीएल-४ लिहिलंय तिथे जीएल-५ नको, पितळी भागांना ते बाधू शकतं. जुन्या ऑइलच्या रंगावरून काही ठरवू नका, आधीच्याने चुकीचं टाकलेलं असू शकतं.

साधारण मागे २ ते ३.५ लिटर, पुढे १ ते २, ट्रान्सफर केसमध्ये १ ते २. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा प्रत्येकी अर्धा लिटर जास्त आणा. भरायला हातपंप घ्या, बाटलीच्या तोंडावर बसतो तो, आणि बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवा. थंड ९० नंबर पंपाने चढवताना हात भरून येतात. भोकातून ओघळ आला की थांबा. पाचेक मिनिटांनी पुन्हा बघा, कारण ऑइल ॲक्सलच्या नळ्यांत हळूहळू पसरतं आणि लेव्हल उतरते. करंगळी वाकवून आत घातली की भोकाच्या खालच्या कडेलाच ऑइल लागलं पाहिजे. काही गाड्यांत लेव्हल भोकाच्या खाली ठरावीक मिलिमीटरवर असते, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या. जास्त भरलं तर फेस होतो आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीतून) किंवा सीलमधून बाहेर येतं.

चिखलवाट:
तिन्ही काढून झाली. मागचं काळपट, ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी लगदा. पुढच्या डिफचं मात्र दुधाळ, कॉफीच्या रंगाचं आलं. ट्रान्सफर केसमधून मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा जवळजवळ ३०० मिली जास्त निघालं. हाउसिंग आतून डिझेलने धुऊन घेऊ का?

सतराचा पाना:
डिझेल नको. ते खाचाखोचांत आणि बेअरिंगांत राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं.

मागचा लगदा बोटांत चोळून बघा. मऊ असेल, कण टोचत नसतील तर ती नेहमीची झीज. पुसून प्लग लावा. नखात अडकतील असे चकचकीत तुकडे किंवा दाताचा कोपरा दिसला असता तर भरण्याआधी डिफ उघडायला सांगितलं असतं.

दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. तापलेला डिफ पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असला तर सीलच्या ओठातून पाणी ओढलं जातं. डिफच्या वरून निघालेली ब्रीदरची नळी शोधा आणि तोंडाने फुंकून बघा, हवा विनासायास गेली पाहिजे. टोकाची टोपी चिखलाने बसली असेल तर बदला आणि नळी इंजिन बेमध्ये उंच न्या. तुंबलेला ब्रीदर उलटाही त्रास देतो: गरम झाल्यावर दाब वाढतो आणि सील गळायला लागतात. मागच्या ॲक्सलचं सील गळलं तर ऑइल थेट ब्रेकवर.

पुढच्या डिफमध्ये त्याच ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल भरा, २०-३० किमी चालवा, काढा. स्वच्छ येईपर्यंत हेच, मग चांगलं ऑइल. पाणी बरेच दिवस राहिलं असेल तर बेअरिंगवर गंजाचे डाग पडलेले असू शकतात, म्हणून चालवताना घरघर येते का तिकडे कान द्या.

ग्रीसगन:
ट्रान्सफर केसमधलं जादा ऑइल दुर्लक्षित करू नका. आधीच्याने जास्त भरलं असेल, किंवा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधलं सील गेलंय आणि गिअरबॉक्सचं ऑइल इकडे येतंय. गिअरबॉक्सची लेव्हल आजच बघा. ती कमी असेल तर उत्तर मिळालं. बरोबर असेल तर आता योग्य लेव्हलला भरा आणि हजार किमीनंतर दोन्ही पुन्हा मोजा.

प्लग लावताना वॉशर नवे. तांब्याचे-ॲल्युमिनियमचे वॉशर एकदाच दाबले जाण्यासाठी असतात. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतो, तिथे थ्रेड सीलंट. टॉर्क अनेक गाड्यांत ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास, पण तुमच्या मॅन्युअलचा आकडा पाळा, विशेषतः ॲल्युमिनियमवर.

पिनियन सील ओलं दिसलं तर मधला नट इम्पॅक्ट गनने आवळू नका. आतली क्रश स्लीव्ह (दबून अंतर राखणारी नळी) आणखी दबते, बेअरिंगचा प्रीलोड (ठरवून दिलेला दाब) बिघडतो आणि डिफ ओरडायला लागतो.

सगळं भरल्यावर मोकळ्या मातीवर फोर-एच आणि फोर-एल (चारही चाकांची वेगवान आणि मंद रेंज) टाकून थोडं पुढे-मागे करा. कोरड्या डांबरावर नको, पार्ट टाइम सिस्टीम तिथे आवळून बसते. मग १०-१५ किमी जाऊन या आणि सहाही प्लगखाली कागद लावून बघा.