खुला, विरळ की मोकळा? (कृत्तिकांचा गुच्छ)

वाटसरू: शाळकरी मुलांसाठी आकाशदर्शनाची पुस्तिका मराठीत आणतोय. कृत्तिकांपाशी अडलो. 'ओपन क्लस्टर'ला 'खुला तारकासमूह' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही शब्द खोडले. तारकासमूह म्हणजे सिंह, वृश्चिक, हे पटलं. पण 'खुला' का नको?

रेवती: 'समूह' नकोच. सिंहातले तारे आपल्याला इथून एका आकृतीत दिसतात, एवढंच. कृत्तिका मात्र एकाच ढगातून जन्मल्या, वय साधारण 10 कोटी वर्षं, आजही एकत्र चालल्यात. तारकागुच्छ म्हणा.

भास्कर: 'खुला' हिंदीतून उचललेला. मैदान खुलं असतं, गुच्छ कसा खुला? 'विरळ' लिहा. शौरी (हर्क्युलिस) तारकासमूहातल्या एम 13 सारख्या गोलाकार गुच्छात लाखो तारे खच्चून भरलेले, इथे हजारभर आणि सुटे सुटे. फरक दाटीचा आहे, तो शब्दात दिसायला हवा.

घाटमाथा: पण नुसत्या डोळ्यांना कृत्तिका दाटच दिसतात! 'विरळ' वाचून पोरं भलतीकडेच शोधतील. आमची आजी 'तो पुंजका बघ' म्हणायची आणि नजर बरोब्बर तिथे जायची. 'मोकळा पुंजका' का नको?

भास्कर: पुंजका कापसाचा, केसांचा. शास्त्राच्या पुस्तकात शोभत नाही.

रेवती: का शोभू नये? 'कृत्तिका'ही 'कृत्' म्हणजे कापणे यातूनच आली असावी. नक्षत्राची आकृती वस्तऱ्याची सांगतात आणि त्याच संस्कृत क्रियाधातूच्या 'कर्तरी'पासून आपली कात्री झाली. वस्तरा आकाशात चालतो, मग पुंजक्यानं काय घोडं मारलंय?

भास्कर: वस्तरा ही नंतर सुचलेली आकृती. महिन्याला कार्तिक नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तारे होते, हत्यार नव्हे.

वाटसरू: मंडळी, 'खुला' ठेवू का बदलू? पुस्तिका छपाईला जायचीय.

घाटमाथा: काहीही ठेवा, पण संख्या नीट लिहा. आजी सहाच मोजायची. कार्तिकेयही षण्मातुर, म्हणजे सहा कृत्तिका-आयांचा.

रेवती: यजुर्वेदाच्या तैत्तिरीय परंपरेत नावं सात आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयन्ती, मेघयन्ती, वर्षयन्ती, चुपुणीका. त्यातली तीन ढगापावसाची! मुलांना हीच द्या.

भास्कर: सात दिलीत तर षण्मातुर कसं समजावणार? आधी ते ठरवा.

घाटमाथा: आणि 'चुपुणीका'चा अर्थ कुणी सांगेल का?