आल्फा रोमिओ स्पायडर २०००: चकचकीत घ्यावी की अकरा वर्षे पडून असलेली?

तोरिनोकर

नमस्कार मंडळी. नोकरीच्या निमित्ताने मी सहा वर्षांपासून इटलीतील तोरिनो शहरात राहतो. शहराला खेटूनच ग्रुल्यास्को आहे, जिथल्या पिनिनफरीनाच्या कारखान्यात आल्फा रोमिओ स्पायडर या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारच्या बॉडी तयार होत असत. रविवारी सकाळी रस्त्यावर एखादी तरी स्पायडर दिसतेच, आणि दोन वर्षे नुसते बघून झाल्यावर आता आपलीही एक असावी असे मनाने घेतले आहे.

दोन गाड्या पाहून आलो. दोन्ही १९७० च्या दशकातील, १९६२ सीसी इंजिनाच्या, म्हणजे २००० स्पायडर व्हेलोचे. पहिली लाल आहे. पाच वर्षांपूर्वी पूर्ण रंगवलेली, क्रोम आरशासारखे. मालकाने सुपेर्गाच्या टेकडीवर एक फेरी मारून आणली. इंजिन सुरेख वाजते, मात्र थंड असताना दुसरा गिअर टाकला की खर्र असा आवाज येतो. दुसरी राखाडी आहे, आस्तीजवळच्या एका शेतावरच्या गोठ्यात अकरा वर्षे उभी आहे. मूळ मालक वारले, मुलाला गाडीत रस नाही. रंग पार उडाला आहे, सीटवर गवताचा भुसा आहे, काळी नंबरप्लेट मात्र मूळचीच आहे. लाल गाडीची किंमत हिच्या जवळजवळ दुप्पट आहे.

माझ्याकडे भाड्याचे गॅरेज आहे, शनिवार-रविवार मोकळे असतात आणि पाने-पक्कड हाताळायची सवय आहे. वेल्डिंग मात्र येत नाही. अशा माणसाने यांपैकी कोणती गाडी घ्यावी, आणि घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

लांबी आणि लोहचुंबक

मी बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि १९७३ ची स्पायडर चार हिवाळे खर्चून उभी केली आहे, म्हणून अनुभवाचे तेवढेच लिहितो. या गाडीत इंजिन ही सर्वांत स्वस्त काळजी आहे. १९६६ ते १९९३ या काळात सुमारे १,२४,००० स्पायडर बनल्या, त्यामुळे पिस्टनपासून दाराच्या रबरापर्यंत जवळपास सगळे आजही नवे मिळते. गंजलेला पत्रा मात्र कोणत्याही दुकानात सुटा मिळाला तरी तो कापून, जुळवून, वेल्ड करून बसवणाऱ्या हातांची मजुरी गाडीच्या किमतीइतकी होऊ शकते. तेव्हा आधी पत्रा पाहा, मग बाकीचे सगळे.

छप्पर नसलेल्या गाडीत सगळा भार दाराखालच्या पोकळ पट्ट्यांवर येतो, ज्यांना आपल्याकडचे डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात. स्पायडरमध्ये हा भाग तीन पदरी आहे: बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि आतला पत्रा. बाहेरचा पदर नवा लावून आतले दोन सडलेले तसेच ठेवणे ही फार जुनी चलाखी आहे. तपासायची पद्धत सोपी आहे. दारे बंद ठेवून गाडी पुढच्या बाजूने जॅकवर उचला आणि दाराच्या मागच्या कडेची फट पाहा. ती वरच्या बाजूला मिटत चालली, किंवा दार अडकू लागले, तर मधला पडदा गेलेला आहे असे समजावे. त्याशिवाय जॅक लावायच्या जागा, डिकीतील स्टेपनीचा खड्डा, पायांखालचा पत्रा आणि रेडिएटरखालची आडवी पट्टी पाहायलाच हवी.

पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक खिशात ठेवा. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकावरच्या कमानीला ते चिकटेचना. घासायला घेतले तेव्हा बोटभर जाडीची लांबी (पत्र्याचे खड्डे भरायचा लेप, ज्याला लोहचुंबक चिकटत नाही) निघाली, आणि लांबीच्या आत गंजाचे भोक बुजवायला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा होता, ज्यावरची तारीख अजून वाचता येत होती. विकणाऱ्याने याच कमानीवर हात फिरवून मला तिची गोलाई दाखवली होती.

राखाडी गाडी घेतलीत आणि पत्र्याचे काम निघाले तर एक गोष्ट कारागिराला आवर्जून विचारा: रनिंग बोर्ड कापण्यापूर्वी तो दाराच्या चौकटीत आडव्या नळ्या टाकून बॉडी बांधून घेणार आहे का? या प्रश्नावर जो हसेल, त्याला गाडी देऊ नका. आधार न देता कापलेली उघडी गाडी मधोमध केसभर जरी वाकली, तरी नंतर तिची दारे कधीच नीट लागत नाहीत.

टॅपेट

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण इंजिन आणि ब्रेकविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे बालपण वडिलांच्या कोल्हापूरच्या गॅरेजात प्रीमियर पद्मिनीखाली गेले आणि गेली बारा वर्षे मी स्टुटगार्टमध्ये इंजिनांच्याच चाचण्या घेते.

या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक (खालचा मुख्य भाग) आणि हेड (वरचे झाकण) दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे आहेत आणि आत बिडाचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत सरकतात त्या नळ्या, पाण्यात उभे असतात. अकरा वर्षे थांबलेले असे इंजिन स्टार्टरने फिरवायचा मोह टाळा. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, तीन-चार दिवस थांबा आणि मग क्रँकच्या नटावर पाना लावून हाताने फिरवून पाहा. जोर करू नका. अडले तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. ते मोकळे फिरू लागल्यावरच जुने पेट्रोल काढा, आणि तेसुद्धा उघड्यावर, बॅटरीची तार सोडवून. शेतावरच्या शेडमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा असेल तर हे काम त्यावर मुळीच करू नका, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती खड्ड्यात साचून ठिणगीची वाट पाहत बसते.

हेड गॅस्केटमध्ये, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पातळ थरात, तेलाच्या वाटांसाठी रबराच्या सहा छोट्या रिंगा असतात. त्या कडक झाल्या की तेल पाण्यात उतरते. चालत्या लाल गाडीच्या रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असताना उघडून पाहा. आत पिठल्यासारखा पिवळट थर दिसला तर हेड उतरवावे लागणार हे गृहीत धरून बोली करा.

हेड उतरवलेच तर एक सावधगिरी पुस्तकांतही अनेकदा निसटते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ आहेत आणि त्यांत सोडियम भरलेले आहे, जे ९८ अंशांना वितळून वर-खाली हिंदकळते आणि व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता दांड्याकडे पोचवते. शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेला तोच सोडियम. जुना व्हॉल्व्ह हौसेने कापू नका, त्यात भोक पाडू नका आणि भंगारवाल्याला न सांगता देऊ नका. पाण्याशी गाठ पडली तर आग ठरलेली.

आता ब्रेक. अकरा वर्षे उभ्या गाडीचे रबरी ब्रेकपाइप बाहेरून धडधाकट दिसतात, पण आतून फुगून त्यांची वाट बंद होते. मग पाय दाबल्यावर ब्रेक लागतो आणि पाय काढल्यावर सुटत नाही. ते तपासत बसू नका, सगळे बदला, आणि डॉट ४ तेल दर दोन वर्षांनी नवे भरा, कारण ते हवेतील ओलावा शोषते. जुन्या ब्रेकपॅडमध्ये आणि क्लचप्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. इटलीत त्यावर बंदी आली ती १९९२ मध्ये. ती धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

पेट्रोलचे जुने पाइप इथेनॉलमिश्रित इंधनात मऊ पडून पाझरतात. हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन वेबर कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधले रबरी माउंटही तडकतात. तिथून फाजील हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि कार्बोरेटरमधून उलटा भडका येऊ शकतो. पाझरणारा पाइप आणि उलटा भडका एकाच दिवशी भेटले की जुन्या इटालियन गाड्यांच्या जळाल्याच्या कहाण्या तयार होतात. आग विझवायचे नळकांडे डिकीत नको, सीटपुढे हाताला लागेल असे हवे.

शेवटचे म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला जोडणारी रबरी चकती, जिला 'जिउबो' म्हणतात. तिला तडे असतील तर बदला, नाहीतर वेगात ती तुटली की शाफ्ट तुमच्या मांडीशेजारच्या बोगद्यात आपटत सुटतो. (जाता जाता: हे नाव 'जुन्तो' म्हणजे सांधा आणि तिचे जनक अभियंता अंतोनिओ बोस्की यांच्या आडनावावरून आले. पत्नीसह त्यांनी जमवलेला चित्रसंग्रह मिलानमधल्या त्यांच्या घरी आजही पाहता येतो. मी गेले होते. चकती मात्र कुठे मांडलेली दिसली नाही.)

संथ गाडीवान

दोघांचेही मुद्दे बरोबर आहेत, तरीही मी वेगळे सांगणार. पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याने बंद पडलेली गाडी घेऊ नये. बाजारात सर्वांत स्वस्त मिळतात त्या अर्धवट सोडलेल्या गाड्या, आणि त्या प्रत्येकीमागे 'फक्त शनिवार-रविवार' म्हणणारा एक उत्साही माणूस असतो. या दोन्ही सोडा आणि तिसरी शोधा, जी दिसायला साधारण आहे पण गेली दहा वर्षे दर महिन्याला चालते आहे आणि जिच्या मालकाकडे पावत्यांची फाइल आहे.

गोठ्यातलीच घ्यायची असेल तर पैसे देण्याआधी वाहन नोंदणी कार्यालयातून, म्हणजे 'प्रा'मधून, त्या नंबरप्लेटचा उतारा काढा. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे की वारसांच्या, आणि नोंदणी जिवंत आहे की रद्द झालेली, हे त्यात कळेल. इंजिनाचा क्रमांक ००५१२ च्या मालिकेतला, म्हणजे इंजिन २००० चेच आहे का, तेही पाहा. दुसऱ्या गिअरची खरखर या गिअरबॉक्सच्या स्वभावातच आहे. तेल गरम झाल्यावरही ती राहिली तरच किमतीतून पैसे कापा.

तोरिनोकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत दोन्हीकडे पुन्हा जाऊन आलो.

लाल गाडीच्या मालकाने लोहचुंबक लावू दिले, पण जॅकवर उचलायला ठाम नकार दिला. खाली वाकून पाहिले तर रनिंग बोर्डची पाणी निघायची भोके ताज्या डांबरासारख्या लेपाने बुजवलेली होती. तिथेच विषय संपला.

राखाडी गाडीत चालकाच्या पायाखाली तळहाताएवढे भोक आहे आणि स्टेपनीचा खड्डा चाळणी झाला आहे. रनिंग बोर्डवर मात्र स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा खणखणीत आवाज आला. उचलल्यावर दाराची फट हलली नाही. प्लग काढून तेल सोडले होते. पहिल्या दिवशी इंजिन ढिम्म होते, चौथ्या दिवशी पाना अचानक पाव फेरी फिरला आणि मुलाच्या आईने, ज्या तोवर दारात नुसत्या उभ्या होत्या, आतून कॉफी आणली. उताऱ्यात गाडी वडिलांच्याच नावावर आहे, त्यामुळे वारसाहक्काची कागदपत्रे होईपर्यंत फक्त बयाणा दिला आहे.

गाडीवानसाहेब, तुमचा इशारा लक्षात आहे. म्हणूनच रंगाला पुढची दोन वर्षे हात लावणार नाही. ब्रेक, पाइप, जिउबो, टायर आणि तो पत्रा, एवढेच आधी. एक शेवटची शंका आहे: ब्रेकचे काम शेतावरच उरकून साठ किलोमीटर हळूहळू चालवत आणली तर चालेल का?

टॅपेट

नाही. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे टायर बनल्याच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. अकरा वर्षे एकाच जागी दबलेले ते टायर साठ किलोमीटरच काय, गावाबाहेरही नेऊ नका. शिवाय विमा आणि दर दोन वर्षांची तपासणी झाल्याशिवाय ती रस्त्यावर आणताच येणार नाही. ट्रक बोलवा, गाडी त्यावर दोरीने ओढून चढवा. आणि गॅरेजात आल्यावर खाली शिराल तेव्हा नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका: पक्क्या फरशीवर दोन घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावा आणि काढलेले चाक रनिंग बोर्डखाली आडवे सरकवून ठेवा.

लांबी आणि लोहचुंबक

चालकाच्या बाजूच्या भोकाचा फोटो टाका. गालिचा उचलून काढा, म्हणजे सीट बसवायच्या बोल्टपर्यंत गंज गेला आहे का, ते पाहून सांगतो. तिथपर्यंत गेला असेल, तर वेल्डरकडे गाडी नेण्याआधी सीट काढून ठेवावी लागेल.