मदत हवी आहे: गुजराती माध्यमातल्या मुलांसाठी मराठी गोष्टी (वडोदरा)

नमस्कार मंडळी. मांडवी भागात दर शनिवारी ७ ते ९ वर्षांच्या दहा मुलांचा वाचनवर्ग चालतो. घरी मराठी, शाळेत गुजराती. ऐकताना कान टवकारतात, पण स्वतः वाचायला घेतलं की तिसऱ्या ओळीला गाडी अडते.

कारण लिपीत आहे. गुजरातीला शिरोरेषा नाही. ग, त, न, प, म ओळखीचे वाटतात. क, ख, ज, झ, फ, भ मात्र फसवतात. शिवाय 'चाक' आणि 'चिमणी' यांतला च एकच, उच्चार वेगळे! अक्षरं लावण्यात गोष्टच निसटते.

सध्या १५ मिनिटं मोठ्याने वाचून ऐन अडचणीच्या जागी थांबतो (कोल्हा विहिरीत, दोर तुटायला आलेला) आणि पुढचं अर्धं पान मुलांकडे. तात्पर्य विचारत नाही. त्याने वाचनाची परीक्षा होते.

आता हवंय ते असं: १८ ते २० पॉइंट टाइप, पानाला पाच-सहा ओळी, जोडाक्षरं कमी, पण गोष्ट बाळबोध नको. नऊ वर्षांच्या मुलाला 'बदक पाण्यात पोहते' दिलं की तो पुस्तक मिटतो. अशी पुस्तकं इथे कुठल्या दुकानात किंवा ग्रंथालयात मिळतील? आणि ळ-ल, ण-न वाचताना चुकलं तर तिथेच टोकावं की पान संपल्यावर?