मदत हवी आहे: जुना नेक्सस ७ कॅम्पसच्या वायफायला कसा जोडू?

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि तेही स्वतःचं काम घेऊन, तेव्हा आधीच माफी.

आत्याचा २०१२ सालचा नेक्सस ७ टॅबलेट माझ्याकडे आलाय, अँड्रॉइड ४.४ वाला. त्यात तिने मुळशीकडच्या गावांत फिरून रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. एकूण २८ तास, सगळ्या वॅव्ह फायली, ९ जीबीच्या आसपास. दुसरी प्रत कुठेही नाही. गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता हयात नाहीत, त्यामुळे पुन्हा जाऊन रेकॉर्ड करू असंही म्हणता येत नाही.

भाच्याने एकदा चार्जिंगची केबल हिसडली, तेव्हापासून केबल तिरकी धरली तर टॅबलेट चार्ज होतो, पण लॅपटॉपला दिसत नाही. या मॉडेलला मेमरी कार्डाची खाच नाही. म्हणजे उरलं वायफाय.

मी पुण्यातच एका कॅम्पसवर होस्टेलला राहते. इथल्या वायफायला प्रत्येकाचं वेगळं युजरनेम आणि पासवर्ड आहे. टॅबलेटवर लॉगिनची पद्धत म्हणून पीईएपी निवडलं, त्याखाली फेज २ मध्ये पासवर्ड तपासायची पद्धत एमएसचॅप-व्ही२, सर्टिफिकेटचा रकाना तसाच सोडला. अर्धा मिनिट ‘कनेक्टिंग’ आणि मग ‘ऑथेंटिकेशन प्रॉब्लेम’. कॉम्प्युटर विभागातल्या दादांनी टॅबलेट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, हा म्युझियमला द्या.”

फोनच्या हॉटस्पॉटवरून अपलोड करावं तर माझा पॅक रोज दीड जीबीचा. काही मार्ग आहे का?

सदाशिवपेठी: पासवर्ड नीट टाकलात का? जुन्या कीबोर्डवर पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं.

धागाकर्ती: हो, चार वेळा बघून टाकला. तोच पासवर्ड फोनवर चालतो.

कर्वेनगरी: तपकीर गल्लीत न्या, सॉकेट बदलून देतील. फार खर्च नाही.

धागाकर्ती: डोक्यात आलं होतं. पण दुरुस्तीच्या नादात कोणी रीसेट मारला तर? प्रत निघेपर्यंत तो कुणाच्या हातात द्यायचा धीर होत नाही.

बिनतारी: ताई, जोडलं न जाण्यात तुमच्या सेटिंगची चूक नाही. गडबड बहुतेक टीएलएसच्या, म्हणजे दोन यंत्रांमधलं बोलणं कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीच्या, आवृत्तीची आहे.

घरच्या वायफायला एकच पासवर्ड असतो आणि तो राउटर स्वतःच तपासतो. कॅम्पसच्या वायफायला राउटर फक्त निरोप्या. तुमचं नाव-पासवर्ड मागे रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या संगणकाकडे जातं, आणि तेही आधी टीएलएसचा बोगदा उभा राहिल्यावर. अँड्रॉइड ४.४ चं वायफाय हा बोगदा टीएलएस १.० ने बांधतं. ती आवृत्ती १९९९ ची. मार्च २०२१ मध्ये १.० आणि १.१ दोन्ही अधिकृतपणे मोडीत निघाल्या, आणि आता बरेच सर्व्हर १.२ च्या खालचं काही दारात उभं करत नाहीत. म्हणजे तुमचा पासवर्ड तिथवर पोचतच नसणार. टॅबलेट मात्र त्यालाही ‘ऑथेंटिकेशन प्रॉब्लेम’च म्हणतो, म्हणून माणूस पासवर्ड बदलत बसतो. खात्री हवी असेल तर त्या दादांना सर्व्हरचा लॉग बघायला सांगा.

आणि सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राचा, रकाना रिकामा सोडू नका. त्याच नावाचं खोटं वायफाय कुणी शेजारी लावलं तर टॅबलेट मुकाट्याने त्याच्याशी बोलायला जाईल. तुमचा ईमेलही त्याच पासवर्डवर असेल तर तो आताच बदला.

सदाशिवपेठी: मग सर्व्हरवर १.० चालू करून द्या म्हणावं की.

बिनतारी: एका टॅबलेटसाठी सगळ्या कॅम्पसची कडी सैल करायची? मी त्या खुर्चीत असतो तर नाहीच म्हणालो असतो.

धागाकर्ती: मैत्रिणीच्या संस्थेत एज्युरोम आहे, म्हणजे अनेक शिक्षणसंस्थांचं सामाईक वायफाय. तिथे जाऊन जोडलं तर?

बिनतारी: तुमची संस्था एज्युरोममध्ये असेल तरच, आणि तरी उपयोग नाही. एज्युरोममध्ये लॉगिन फिरून आपल्याच संस्थेच्या सर्व्हरकडे तपासायला येतं.

पण मला सांगा, तुम्हाला इंटरनेट हवंय कशाला? फायली टॅबलेटमधून लॅपटॉपमध्येच न्यायच्या आहेत ना? मग फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि नुसता हॉटस्पॉट चालू ठेवा. टॅबलेट आणि लॅपटॉप दोन्ही त्याला जोडा. फायली फोनमधून आरपार जातील, पॅकमधला एक एमबीही जाणार नाही.

दोन गोष्टी बघा. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, या टॅबलेटला ५ दिसतच नाही. आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा, डब्ल्यूपीए३ नको. टॅबलेटवर एफटीपी सर्व्हरचं, म्हणजे दुसऱ्या यंत्राला फायली उचलू देणारं, एखादं छोटं ॲप लागेल. ४.४ वर चालणारं शोधा आणि टॅबलेटवर घ्या. सिक्युरिटीमध्ये ‘अननोन सोर्सेस’ तेवढ्यापुरतं चालू करा. ॲप ftp:// ने सुरू होणारा पत्ता दाखवेल, तो लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये टाका.

कर्वेनगरी: त्यापेक्षा फायली ब्लूटूथने का नको?

बिनतारी: सेकंदाला २०० केबी धरले तर ९ जीबीला साडेबारा तास. तेवढा वेळ केबल तिरकी कोण धरणार?

धागाकर्ती: झालं!!! रात्री जेवून बसले, सव्वा तासात सगळं लॅपटॉपवर. केबलखाली शब्दकोश सरकवला, तो बरोब्बर कोनात बसला. आज लॉगही बघून घेतला, टीएलएसची आवृत्ती जुनी म्हणूनच नाकारत होता. दादा म्हणाले, “म्युझियमचं मागे घेतो.”

फक्त एक फाइल लॅपटॉपवर ० केबी दिसतेय. टॅबलेटवर ती नीट वाजते, मागे कोंबडाही ऐकू येतो. आणि आता टॅबलेट साफ करून भाच्याला दिला तर चालेल ना?

बिनतारी: ती एकटीच पुन्हा कॉपी करा, मध्येच तुटली असणार. मग दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि प्रत्येकीचा आकार ताडून बघा, आणि एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. तोवर टॅबलेट साफ करू नका. भाच्याला तर मुळीच देऊ नका.