मराठी पुस्तकाच्या शुद्धलेखन तपासणीसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

नमस्कार मंडळी,

माझ्या लेखांचं पुस्तक करायचं चाललंय. मजकूर साधारण 60 हजार शब्दांचा, सगळा युनिकोडमध्ये. शेवटचं वाचन मुद्रितशोधकांकडूनच करून घेणार आहे. पण त्याआधी ढोबळ चुका निघाल्या, तर त्यांचा वेळ वेलांट्यांत न जाता मजकुरावर जाईल.

सध्या लिब्रेऑफिसमध्ये हनस्पेल या स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रामचा मराठी शब्दकोश टाकून बघतोय. फुकट आहे आणि इंटरनेट लागत नाही. पण मराठीत खरा घोळ प्रत्ययांचा. नुसती शब्दयादी असली की 'घर' चालतं आणि 'घरातल्यांनासुद्धा'खाली लाल रेघ येते. शिवाय 'वकील'चं 'वकिलाला' होतं, पण 'शरीर' तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) म्हणून 'शरीराला'च राहतं. म्हणजे प्रत्ययांच्या नियमांत तत्सम शब्द वेगळे काढलेले हवेत. आणि 'दीन'च्या जागी 'दिन' पडलं, तर दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे रेघच येत नाही.

एक एआय चॅटबॉटही वापरून पाहिला. 'दिन-दीन'सारखी चूक तो संदर्भावरून पकडतो, हे मानलंच पाहिजे. पण फक्त शुद्धलेखन तपासायला सांगितलं तरी वाक्यांना हात लावतो. एका पात्राच्या तोंडचं 'म्या न्हाई केलं त्ये' परत आलं ते 'मी ते केलं नाही' होऊन! बोलीच गेली तर त्या माणसाचं काय उरलं? म्हणून आता मूळ फाइल आणि त्याची फाइल 'कंपेअर डॉक्युमेंट'मध्ये लावून एकेक बदल स्वीकारतो किंवा नाकारतो. काम होतं, पण अख्ख्या पुस्तकासाठी फार जिकिरीचं आहे.

तर मला हवंय ते असं: चूक दाखवावी, बदल माझ्यावर सोडावा. मराठी साहित्य महामंडळाचे 1962चे शुद्धलेखनाचे नियम आणि 1972ची भर धरून चालणारं असावं. बोलीतले शब्द माझ्या वेगळ्या कोशात घालता यावेत.

अजून एक अडचण. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र् नंतर झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) टाकून. दिसायला एकच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. माझ्या फाइलींत दोन्ही प्रकार आहेत. आधी फाइंड-रिप्लेसने सगळे एकसारखे करून घ्यावेत, की हे सांभाळून घेणारं एखादं सॉफ्टवेअर आहे?

वर्डमधली मराठी प्रूफिंग टूल्स कुणी मोठ्या मजकुरावर चालवली आहेत का? विभक्तीची रूपं कितपत ओळखतात? पैसे मोजायची तयारी आहे. मात्र मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जात असेल, तर तेवढं आवर्जून सांगा. पुस्तक अजून अप्रकाशित आहे.