अनुभव धागा: जेआरडींची एअर इंडिया आणि परळचं टाटा

एअर इंडियात नोकरी केलेल्या घरांत जेआरडी टाटांचा विषय निघाला की दोन जागांची नावं हमखास येतात. एक सांताक्रूझचं हँगर आणि दुसरी परळचं टाटा हॉस्पिटल. विमान कंपनीच्या अध्यक्षाचा आणि कॅन्सरच्या रुग्णालयाचा काय संबंध, असं नव्या पिढीतले बरेच जण विचारतात. म्हणून आधी तेवढं सांगते.

सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला रुग्णालय उभारलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं. जेआरडी या ट्रस्टचे अगदी सुरुवातीपासूनचे विश्वस्त. आणि याच १९३२ च्या १५ ऑक्टोबरला ते कराचीहून टपाल घेऊन स्वतः विमान चालवत जुहूला उतरले. देशातल्या नियमित हवाई सेवेची ती सुरुवात, तीच पुढे एअर इंडिया झाली. वय होतं २८. एकाच माणसाच्या आयुष्यात ही दोन्ही कामं एकाच वर्षी यावीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझे वडील एअर इंडियात इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे इंजिन उघडून दुरुस्त करायच्या कामावर होते आणि आईचे उपचार टाटाला झाले. त्यामुळे आमच्या घरात जेआरडींचं नाव दोन्ही बाजूंनी यायचं. २९ नोव्हेंबर १९९३ ला ते जिनिव्हात गेले, तेव्हा बाबांच्या शिफ्टमधले सगळे जण संध्याकाळी आमच्याकडे जमले होते. भाषण कोणी केलं नाही. कोण कुठल्या साली लागला आणि पहिलं इंजिन कुठलं उघडलं, एवढंच रात्री उशिरापर्यंत चाललं होतं.

तुमच्याकडेही असं काही असेल तर लिहा. स्वतः पाहिलेलं, घरात ऐकलेलं, विमानातलं किंवा हॉस्पिटलातलं, काहीही चालेल. मोबाइलवर फिरणारे त्यांचे सुविचार मात्र नकोत. नाव लिहायची सक्ती नाही.

निवृत्त फ्लाइट पर्सर, डोंबिवली

ताई, धागा काढलात ते बरं केलंत. मी १९६९ ला लागलो. ट्रेनिंगमध्ये आम्हाला जेआरडींच्या टिपणांबद्दल सांगत. ते स्वतः प्रवास करायचे आणि उतरल्यावर लिहून पाठवायचे. खुर्ची किती मागे झुकते, पडदे कसे आहेत, जेवण कसं होतं, सगळं त्यात असायचं. एका टिपणात त्यांनी लिहिलं होतं की जिनिव्हाहून विमानात येणारा चहा आणि कॉफी रंगावरून वेगळी ओळखता येत नाही. ही गोष्ट आमच्या बॅचला इतक्या वेळा ऐकवली होती की गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, चहा तयार झाला की आम्ही पांढऱ्या कपात थोडा ओतून दिव्याखाली धरायचो. रंग गढूळ वाटला तर किटली रिकामी करून परत भरायची. प्रवासी झोपलेले असले तरी.

एक मोठे सरकारी अधिकारी त्यांच्या शेजारी बसून प्रवास करत होते, तो किस्सा तुम्ही ऐकला असेल. जेआरडी मध्येच उठून गेले आणि बराच वेळ आले नाहीत. परत आल्यावर कळलं की टॉयलेटमध्ये कागदाचे रोल नीट लावले आहेत का ते बघत होते. अध्यक्षाने ते का बघावं, असं आज कोणी म्हणेल. आम्हाला त्याचा फायदा झाला. वर बसलेल्या माणसाला आमचं काम नेमकं काय असतं ते माहीत होतं. त्यामुळे गॅलीतली अडचण वर सांगताना त्या गॅलीचा नकाशा काढून समजवावा लागत नसे.

हे सगळं ते पगार न घेता करत होते. १९५३ ला कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं, ते त्यांना पटलेलं नव्हतं, तरी अध्यक्षपद पंचवीस वर्षं सांभाळलं.

विलेपार्ले, वडील शीट मेटल मेकॅनिक

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून जेआरडी पुन्हा कराचीहून जुहूला विमान घेऊन येणार होते. वय ७८, विमानात एकटेच. वडील मला शाळा बुडवून घेऊन गेले. आमच्या घरात शाळा बुडवणं म्हणजे मोठीच गोष्ट.

गर्दी खूप होती. त्यांचं लेपर्ड मॉथ विमान दिसलं तेव्हा मला वाटलं हे खेळण्यातलं आहे. पार्ल्यात राहून डोक्यावरून जाणारी जंबो रोज बघायची सवय, त्यापुढे हे इवलंसं. सगळे जण माणसाकडे बघत होते, वडील चाकांकडे. विमान टेकलं तसं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि ते थांबेपर्यंत सोडलं नाही. मग म्हणाले, "काय अलगद टेकवलं बघ." दिवसभर दुसरं काही बोलले नाहीत.

तरुणांना थोडा हुरूप यावा म्हणून हे उड्डाण केलं, असं जेआरडी म्हणाल्याचं नंतर वाचलं. मला आला. मी पुढे एअरक्राफ्ट मेंटेनन्सलाच गेलो आणि अजून त्याच धंद्यात आहे.

पुणे

छोटीशी भर. सुरुवातीच्या काळात जुहूची धावपट्टी म्हणजे मातीचं मैदान, पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचे आणि पावसाळाभर विमानं इथून उडायची. पहिल्या वर्षात १५५ प्रवासी आणि सुमारे दहा टन टपाल वाहिलं. पुणेकरांना याची फारशी कल्पना नसते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आजोळ कराचीचं, सध्या ठाणे

फाळणीआधी कराचीत मराठी माणसं बरीच होती. माझे आजोबा तिथे नोकरीला. ड्रिघ रोडचं विमानतळ त्यांना चांगलं ठाऊक होतं. लंडनची डाक इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत यायची आणि तिथून पुढे टाटांचं विमान ती अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी करत मद्रासला न्यायचं. पहिल्या दिवशी त्या छोट्या पस मॉथ विमानात जेमतेम २५ किलो टपाल होतं. मुंबईपर्यंत जेआरडींनी आणलं, पुढे मद्रासला नेव्हिल व्हिन्सेंट घेऊन गेले. या कंपनीची कल्पना मुळात व्हिन्सेंट यांची, हे सांगायला हवं. ते १९४२ मध्ये युद्धकाळात विमान प्रवासातच गेले आणि हळूहळू विस्मरणात गेले.

आजी सांगायची, दादरच्या माहेरचं पत्र हवाई टपालाने यायला लागलं तशी ती पत्रात भाज्यांचे भावसुद्धा लिहायला लागली. आधी पत्र पोहोचेपर्यंत ते शिळे व्हायचे. तिची दोन पाकिटं माझ्याकडे आहेत. शाई उडाली आहे, शिक्का मात्र वाचता येतो.

जळगाव जिल्हा

मी विमानात कधी बसलो नाही. माझा अनुभव हॉस्पिटलचा आहे.

वडिलांना तंबाखूची सवय. गालाच्या आत जखम झाली ती भरेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "टाटाला न्या." आमच्या भागात या दोन शब्दांचा अर्थ लहान पोरालाही कळतो. आई भांडी घासत होती, ती तशीच उठून आत गेली.

आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलो. तिथे बिहारचे, बंगालचे, ओडिशाचे लोक. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, पण तांदूळ निवडायला सगळ्या बायका एकत्र बसायच्या. पहाटेच परळला जाऊन रांग धरायची. एका बंगाली काकांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, घामाने हातातले कागद खराब होतात. आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव, डॉक्टरांचा वेळ वाचतो. स्वतःच्या मुलाला घेऊन आलेला तो माणूस रांगेत नव्या येणाऱ्या प्रत्येकाला हे समजावत होता.

वडिलांचं ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) दिला. जबडा थोडा वाकडा झाला, बोलणं अडखळायचं, पण पुढे बरीच वर्षं शेतात जात होते. तंबाखू सुटली. नुसती त्यांची नाही, आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांची सुटली, त्यांचा चेहरा रोज समोर दिसायचा म्हणून.

टाटा म्हणजे कोण, ट्रस्ट म्हणजे काय, तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आज हे वाचून कळलं की हे चालवणारा माणूस विमानं उडवायचा. त्यांना माझा नमस्कार.

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, मुंबई

जळगावच्या दादांचं वाचून डोळे भरून आले. तरी एक गोष्ट नीट मांडली पाहिजे, नाहीतर सगळं श्रेय एकाच नावावर जातं. ट्रस्टने रुग्णालय बांधलं आणि पहिली सोळा वर्षं चालवलं. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्या विभागाचे प्रमुख तेव्हा होमी भाभा. रेडिएशनचं विज्ञान आणि कॅन्सरचे उपचार एका छताखाली यायला हवेत, हे त्यांना दिसलं होतं. भाभांच्या मूलभूत संशोधन संस्थेलाही १९४५ मध्ये याच दोराबजी टाटा ट्रस्टने हात दिला होता. आणि हॉस्पिटलसमोरच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्यासारख्या सर्जनांनी तिथे आयुष्य घातलं.

जेआरडींचं मोठेपण मला इथे दिसतं की त्यांनी उभारलेल्या संस्था त्यांच्याशिवाय चालू शकल्या. रुग्णालयाच्या बाबतीत ते साधलं. विमान कंपनीच्या बाबतीत काय झालं, ते एअर इंडियावाल्यांनी सांगावं.

वांद्रे, वडील एअर इंडियाच्या नरिमन पॉइंटच्या ऑफिसात

डॉक्टरसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण १९७८ सांगते.

१ जानेवारीच्या रात्री 'सम्राट अशोक' हे जंबो उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत आमच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं, एकही वाचलं नाही. वडील त्या रात्री जे ऑफिसला गेले ते दुसऱ्या दिवशी रात्री परतले. नातेवाइकांचे फोन घेत होते. आल्यावर जेवले नाहीत, आंघोळ करून देवाजवळ बसले.

महिनाभराने, फेब्रुवारीत, मोरारजी सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. रीतसर आधी कळवण्याचं सौजन्यही दाखवलं नाही. त्यांच्या जागी नेमलेल्या एअर चीफ मार्शल लाल यांच्याकडूनच त्यांना ते समजलं. वडील राजकारणावर घरात कधी बोलत नसत. त्या दिवशी मात्र आईला म्हणाले, "माणसाला निरोप द्यायची काही रीत असते की नाही?" हा प्रश्न मला आजही बोचतो. पंचवीस वर्षं बिनपगारी राबलेल्या माणसाला एक पत्र आधी मिळू नये? १९८० ला इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्ष म्हणून नाही. आणि ते गेलेही, राग धरून बसले नाहीत. वडिलांना याचं फार कौतुक होतं. माझ्याच्याने ते झालं नसतं.

२७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांकडे परत गेली तेव्हा वडील नव्हते. आईने टीव्हीवर बातमी ऐकली आणि लगेच वडिलांच्या जुन्या मित्रांना एकेक करून फोन लावले. पाचातले दोघेच उचलणारे उरले होते. तासभर बोलत होती.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ठाण्याच्या ताई, त्या पाकिटांचे फोटो काढून ठेवा, शाई आणखी उडायच्या आत. डोंबिवलीच्या काकांनी बॅचमेट्सनाही इथे आणावं. केबिन क्रूच्या तेव्हाच्या ट्रेनिंगबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय.

काहींनी परळला राहण्याच्या सोयीबद्दल विचारलं आहे. पेशंट नवीन असेल तर आधी हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. धर्मशाळा, औषधांची मदत, ट्रस्टचे अर्ज, रेल्वेची सवलत, सगळ्याची माहिती तिथे मिळते. आम्हालाही आईच्या वेळी तिथूनच मिळाली होती. कागदपत्रांच्या झेरॉक्स जास्तीच्या काढून न्या. आणि जळगावच्या दादांनी सांगितलंय तसं, फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला.